चार बोटं माया

शिवोलीच्या चर्चमागे, दोन पायऱ्या चढून
माझं दुकान. मशीन एक, पंखा एक.
एप्रिल संपता संपता ती आली,
तुरबियोर, नॉर्वेची; अठरा वर्षं इथं राहून
अजून मासळीवालीशी घासाघीस न करणारी.
सोबत लेक, सुनिवा. तिची कोंकणी माझ्याहून शिवराळ.
पिशवीतून निघालं एक काळं लोकरी ओझं.
टेबल करकरलं.

'बुनाड,' ती म्हणाली. 'आमचा सणाचा पोशाख.
प्रत्येक खोऱ्याचा वेगळा. भरलेलं फूल बघून कळतं
बाई कुठल्या डोंगराची.'
मी म्हटलं, आमच्याकडे ते आवाजावरून कळतं.

कसर लागली होती. घेराच्या कडेला
एक हिरवं पान अर्धं खाल्लेलं,
शेजारचा तांबडा गुलाब मात्र शाबूत.
किड्यालाही आवडीनिवडी असतात.
सतरा मेला पोर घालणार होती.
सतरा मे! गोव्यात! लोकर!
आंब्याच्या फोडीलासुद्धा घाम फुटतो तेव्हा.
'तो दिवसच आमचा,' म्हणाली, आणि पंख्याकडे बघून हसली.
'पान होतं तसंच हवं.
तिकडच्या बायका लांबूनही टाके मोजतात.'

रात्री मी घेर उलटा केला.
सुलट बाजूनं फूल दिसतं, उलट बाजूनं बाई:
इथं दोरा संपला, इथं रागानं गाठ मारली,
इथं आळसानं एका पानावरून दुसऱ्यावर उडी.
मग कमरेची पट्टी. आत दुमडलेली माया,
चार बोटं भरून!
मी ब्लाउजला अर्धा इंच सोडते,
तेवढ्यावर गिऱ्हाईक मला उदार म्हणतं.
इथं जुन्या सुयांची भोकं, तीन रांगा.
एक बारीक कंबर, एक त्याहून बारीक
(त्या वर्षी तिकडं खायला नसावं),
एक सैल, बाळंतिणीची.
कापायचं नाही. उसवायचं, सोडायचं, पुन्हा घ्यायचं.
आम्ही शिंपी याला मायाच म्हणतो,
इतकी वर्षं मला त्यात काही विशेष वाटलं नव्हतं.

आईकडे एकच कापड होतं, तांबडं, चौकटीचं,
खांद्यावर गाठ. शिलाई नाही, माप नाही,
आजीला बसे, आईला बसे, पोटुशीला बसे.
त्याचं शेवटी काय झालं? मीच फाडलं,
मशीन पुसायला. तेल चांगलं शोषायचं.

हिरवी लोकर म्हापशाला मिळेना.
शुक्रवारच्या बाजारात स्वेटरवाला म्हणाला,
बाय, इथं विणतं कोण?
अखेर शेजारच्या कायतानची टोपी मागितली,
बोटीवर होता तेव्हा कुठल्याशा थंड बंदरात घेतलेली.
तिचा गोंडा उसवला. अर्धी छटा गडद.
पान भरून झालं तेव्हा दीड वाजला होता.

दार लावलेलंच होतं. पंखा बंद केला, का कोण जाणे,
आणि घेर अंगात चढवला, गाउनवरूनच.
केवढं वजन! कमरेला धरून
कुणी मूल लोंबावं तसं.
छातीशी चांदीचा बिल्ला लावला,
त्याच्या इवल्या वाट्या किणकिणल्या.
भुतं पळावीत म्हणून असतात म्हणे त्या.
बाहेर एक कुत्रं तेवढं भुंकलं.
आरशात मी कुठल्याच डोंगराची नव्हते.
मानेवरून घाम निघाला, पाठीच्या खळगीतून उतरत
पट्टीपाशी आला, आणि तिथंच मुरला.

सोळा तारखेला दोघी आल्या.
तुरबियोर चष्मा लावून पानाकडे बघत राहिली,
बराच वेळ.
'आसूं दी,' सुनिवा म्हणाली.
मी टेप लावला. सव्वीस.
जुनी भोकं चुकवत चौथी रांग घातली.
आतल्या दुमडीवर एक पांढुरकी रेघ उमटली होती,
ती बोटानं दाबून बसवली.
पाचशे सांगितले. तिनं मुकाट्यानं दिले.
मिठाचं मी काही बोलले नाही.